हवेवरचा ठपका

मुलगी वयांत येण्याचा आणि हवेचा कांहीं संबंध असावा, ही कल्पना नवी नाहीं. फरक एवढाच कीं, पूर्वीं या संदर्भांत हवा म्हणजे उष्णता समजत, आणि आतां हवा म्हणजे धूर व धूळ समजतात. दोन्ही वेळां ठपका हवेवर आला आहे. पहिल्या वेळीं तो खोटा ठरला. परंतु खोटा ठरण्यापूर्वीं त्यानें दीडशें वर्षें राज्य केलें, कायदे अडविले आणि हजारों मुलींच्या आयुष्यावर आपली सावली पाडली.

इ. स. १७४८ मध्यें माँतेस्क्यू या फ्रेंच विचारवंताचा कायद्याच्या तत्त्वांवरील प्रख्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला. उष्ण देशांत मुली आठव्या, नवव्या किंवा दहाव्या वर्षीं विवाहयोग्य होतात, असें त्यानें त्यांत बेधडक लिहून ठेवलें. त्यानें उष्ण देशांतील किती मुलींचीं वयें विचारलीं होतीं, असा प्रश्न त्या काळीं कोणी केला नाहीं. युरोपांत हें मत पाठ्यपुस्तकांत शिरलें, तेथून गोऱ्या अधिकाऱ्यांच्या डोक्यांत गेलें, आणि शेवटीं इंग्रजी शिकलेले आपले लोकही तें स्वतःचें म्हणून बोलूं लागले. वास्तविक आपल्या घरच्या ग्रंथांत निराळें लिहिलेलें होतें. सुश्रुतसंहितेनें ऋतूचा आरंभ बाराव्या वर्षीं व शेवट पन्नासाव्या वर्षीं सांगितला आहे. इतकेंच नव्हे, तर सोळा वर्षांखालील मुलीला गर्भ राहिल्यास तो उदरांतच नाश पावतो, किंवा जन्मास आल्यास दुर्बळ निपजतो, असा स्पष्ट इशाराही दिला आहे. ऋतुप्राप्ति आणि मातृत्वाची पात्रता या दोन गोष्टींत चार वर्षांचें अंतर असतें, हें त्या वैद्याला ठाऊक होतें. पुढें स्मृतिकारांच्या वचनांनीं या वैद्यकाला मागें सारलें.

उष्णतेच्या सिद्धांताला पहिला धक्का दिला तो मँचेस्टर येथील जॉन रॉबर्टन नांवाच्या एका शस्त्रवैद्यानें. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत त्यानें आपल्या गांवच्या शेंकडों स्त्रियांना विचारून त्यांच्या प्रथम ऋतूचीं वयें मांडलीं. सरासरी पंधराच्या आसपास आली. नंतर कलकत्त्याच्या डॉक्टरांकडून त्यानें बंगालमधील मुलींची माहिती मिळविली. तेथील सरासरी बाराच्या वर निघाली. आठ किंवा नऊ नव्हे. जो फरक उरतो तो सूर्यामुळें नसून रीतिरिवाजामुळें व लवकर होणाऱ्या विवाहांमुळें असावा, असें रॉबर्टननें प्रतिपादन केलें. त्याचें हें दुसरें स्पष्टीकरण आज कोणी जसेंच्या तसें मान्य करणार नाहीं. पण मोजल्यावांचून बोलूं नये, हा त्याचा बाणा मात्र मोठ्या मोलाचा होता.

महाराष्ट्रांत हा प्रश्न वैद्यकाचा न राहतां राजकारणाचा कसा झाला, ती कथा विस्तारानें सांगण्यासारखी आहे.

त्या काळच्या पांढरपेशा घरांत मुलीचें लग्न आठव्या-नवव्या वर्षीं होई. लग्नानंतर ती कांहीं काळ माहेरीं राही. तिला न्हाण आलें म्हणजे तिला मखरांत बसवीत, आप्तस्वकीय स्त्रियांना बोलावीत, ओटी भरीत, गाणीं म्हणत. मुलीच्या शरीरांतील अत्यंत खासगी घडामोड अशा रीतीनें आळीभर जाहीर होई. त्यानंतर गर्भाधानसंस्कार. प्रथम ऋतूपासून सोळा दिवसांच्या आंत हा संस्कार व्हावा, असा सनातनी पक्षाचा आग्रह होता. म्हणजे लग्नाचें वय कांहीं असो, मुलीचा संसार खऱ्या अर्थानें केव्हां सुरू होणार हें तिच्या शरीरावर अवलंबून राही. आणि तें शरीर हवेवर अवलंबून आहे असें सांगितलें कीं कोणालाच जबाबदार धरण्याचें कारण उरत नसे.

आनंदीबाई जोशी यांचा विवाह नवव्या वर्षीं झाला व चौदाव्या वर्षीं त्या प्रसूत झाल्या. मूल दहा दिवसांत गेलें. योग्य वैद्यकीय मदत मिळती तर तें वांचतें, ही खंत त्यांना अमेरिकेपर्यंत घेऊन गेली. १८८६ मध्यें फिलाडेल्फिया येथें त्या डॉक्टर झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आंतच त्यांचा अंत झाला. दुसरी कथा रखमाबाईंची. अकराव्या वर्षीं झालेलें लग्न आपल्याला बंधनकारक नाहीं, असें म्हणून त्यांनीं पतीच्या घरीं जाण्याचें नाकारलें. १८८४ पासून चाललेल्या त्या खटल्यांत न्यायमूर्ति पिन्हे यांनीं १८८५ मध्यें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. १८८७ मध्यें तो फिरून त्यांना नांदावयास जा, नाहींतर तुरुंगांत जा, असें सांगण्यांत आलें. १८८८ मध्यें तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस गेल्या, १८९४ मध्यें डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. खटला चालू असतांना एका हिंदु स्त्रीच्या नांवें त्यांनीं वर्तमानपत्रांत लिहिलेलीं पत्रें अजूनही वाचण्यासारखीं आहेत.

१८६० च्या दंडसंहितेनें संमतिवयाची मर्यादा दहा वर्षें ठेविली होती. बेहरामजी मलबारी यांनीं १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध मोहीम चालविली होतीच. १८९० मध्यें बंगालमध्यें फुलमणि दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या संगानें मृत्यु पावली. कायद्याप्रमाणें वय दहाच्या वर असल्यामुळें पतीवर बलात्काराचा आरोपच ठेवतां येईना. त्या घटनेनें देश हादरला. त्याच सुमारास हिंदुस्थानांत काम करणाऱ्या पंचावन्न स्त्री-डॉक्टरांनीं व्हाइसरॉयकडे अर्ज केला आणि आपल्या रुग्णालयांत आलेल्या अल्पवयीन विवाहित मुलींच्या दुखापतींची यादीच त्यास जोडली. ती यादी वाचून पुष्कळांची झोप उडाली असेल.

९ जानेवारी १८९१ रोजीं सर अँड्र्यू स्कोबल यांनीं संमतिवय दहावरून बारावर नेण्याचें बिल मांडलें. बारावें वर्ष! आज हा आंकडा ऐकून संकोच वाटतो. पण त्या वेळीं त्यावरून पुण्यांत रणें माजलीं. विरोधकांचा युक्तिवाद असा : मुलीला बाराच्या आंत ऋतु प्राप्त झाल्यास सोळा दिवसांत गर्भाधान करणें धर्म, आणि कायदा तर म्हणणार तें पाप, म्हणजे सरकार धर्मांत हात घालतें. कायदेमंडळांत सर रमेशचंद्र मित्र यांनीं याच धर्तीची हरकत घेतली. आतां या साऱ्या युक्तिवादाचा आधार एकाच प्रश्नावर होता. बाराच्या आंत ऋतु प्राप्त होणाऱ्या मुली किती? पुष्कळ असतील तर हरकत मोठी; थोड्या असतील तर किरकोळ. म्हणून जो तो डॉक्टरांचे दाखले शोधूं लागला, आणि "उष्ण हवेंत मुली लवकर वयांत येतात" हें माँतेस्क्यूचें वाक्य धर्मरक्षकांच्या मदतीला धांवून आलें. परधर्मी सरकार नको म्हणणाऱ्यांना परदेशी पंडिताची ही मदत कशी चालली, हें नवलच आहे.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं स्मृतिवचनें तपासून, ऋतुप्राप्तीबरोबर गर्भाधान केलेंच पाहिजे असा अनुल्लंघ्य आदेश शास्त्रांत नाहीं, असें दाखविलें. न्यायमूर्ति तेलंगांनीं बिलाला पाठिंबा दिला. "सुधारकां"त आगरकरांची लेखणी तळपत होती. दुसऱ्या बाजूस "केसरी"चे टिळक उभे होते. त्यांच्याविषयीं न्यायबुद्धीनें बोलावयाचें तर हें सांगितलें पाहिजे कीं, १८९० मध्यें त्यांनीं स्वतःच मुलींचें लग्न सोळा वर्षांच्या आंत व मुलांचें वीस वर्षांच्या आंत करूं नये, अशी स्वेच्छेची प्रतिज्ञा सुधारकांपुढें ठेविली होती. त्यांचा कटाक्ष परक्या सरकारच्या हातीं सामाजिक कायदा देण्याविरुद्ध होता. परंतु ज्या मुलीचें वय दहा आहे, तिच्या दृष्टीनें हा भेद फार सूक्ष्म होता. १८९१ च्या प्रारंभीं पुण्यांत सुधारकांची सभा उधळली गेली; १९ मार्च रोजीं बिल मंजूर झालें. कायदा झाला, पण त्याची अंमलबजावणी क्वचितच झाली. खेड्यापाड्यांत त्याची वार्ताही पोंचली नसेल.

यापुढील वाटचाल थोडक्यांत सांगतां येते. सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील संमतिवय समितीनें देशभर साक्षी घेऊन १९२९ मध्यें अहवाल दिला. त्याच वर्षीं हरबिलास सारडा यांचा कायदा होऊन मुलीच्या लग्नाचें किमान वय चौदा ठरलें. १९४९ मध्यें तें पंधरा व १९७८ मध्यें अठरा झालें. कायद्यानें शेवटीं शरीराच्या खुणा पाहण्याचें सोडलें आणि जन्मतारीख पाहण्यास आरंभ केला. ही क्रांति कोणी फारशी साजरी केली नाहीं, पण ती लहान नव्हे.

दरम्यान उष्ण हवेचा सिद्धांत निमूटपणें मेला. टॅनर या इंग्रज शास्त्रज्ञानें १९६२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथावृत्तींत जगभरचे आंकडे एकत्र ठेविले, तेव्हां बर्फांत राहणाऱ्या एस्किमो मुली आणि नायजेरियाच्या उन्हांतील सुस्थित घरच्या मुली या दोघींचेंही ऋतुप्राप्तीचें वय चौदा-सव्वाचौदाच्या आसपास असल्याचें दिसलें. सूर्याचा प्रश्न तेथेंच संपला. खरें कारण अन्नांत होतें. युरोपांत शतकभरांत अन्न व आरोग्य सुधारलें तसें हें वय खालीं आलें. दुसऱ्या महायुद्धांतील उपासमारींत कांहीं देशांत तें पुन्हां वर गेलें. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नांवाचा स्राव रक्तांत जातो व शरीरांत पुरेसा सांठा झाल्याची वर्दी मेंदूला देतो. मग मेंदूच्या तळाशीं असलेल्या हायपोथॅलॅमस या भागांतून ठराविक ठेक्यानें एक स्राव सुटूं लागतो, तो पिच्युटरी ग्रंथीला जागें करतो, आणि ती अंडाशयाला किंवा वृषणाला. दुष्काळांत ही वर्दी उशिरां पोंचते. १८७६-७७ च्या दुष्काळांत दख्खनच्या ज्या कोरड्या तालुक्यांतून माणसें खडी फोडण्याच्या कामावर गेलीं, त्या घरांतील मुलींना न्हाण वेळेवर आलें असेल असें समजण्यास कारण नाहीं. तेथें हवा मात्र पुण्याच्या पेठांइतकीच, किंबहुना अधिक उष्ण होती.

सर्वांत बोलका दाखला स्वीडनचा. हिंदुस्थानांतून दत्तक गेलेल्या मुलींचा अभ्यास उप्साला येथील डॉक्टरांनीं १९९१ मध्यें प्रसिद्ध केला. स्वीडिश मुलींना ऋतु तेराच्या सुमारास प्राप्त होतो. या मुलींना तो सरासरी साडेअकराच्या सुमारास प्राप्त झाला होता, आणि कांहींना त्याहूनही पुष्कळ आधीं. म्हणजे उष्ण देशांतून थंड देशांत गेल्यावर वय पुढें जाण्याऐवजीं मागें आलें! लहानपणीं उपाशी राहिलेलें शरीर एकाएकीं भरपूर अन्न मिळतांच झपाट्यानें वाढूं लागतें, आणि त्या घाईंत यौवनाची घंटा आधीं वाजते, असा त्याचा अर्थ लावण्यांत आला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयानें १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा जो अभ्यास चालविला, त्यानें या चित्रांत आणखी एक रेघ ओढली. त्या खेड्यांतील अर्भकें वजनानें हलकीं, हातपाय काटक्यांसारखे. पण अंगावरची चरबी मात्र त्या मानानें टिकून असलेली. बारीक दिसणारें हें बाळ आंतून "बारीक" नसतें. पुढें त्याला शहरी आहार मिळाला तर त्याच्या शरीराचें घड्याळ कसें चालेल, हा प्रश्न तेथपासून महत्त्वाचा झाला आहे.

आणि आतां ठपका पुन्हां हवेवर आला आहे. या वेळीं तिच्या उष्णतेवर नव्हे, मळावर.

शिरूर तालुक्याच्या उत्तर अंगास कवठे येमाई हें गांव आहे. येमाईच्या देवळावरून त्याला नांव मिळालें. पर्जन्यछायेंतला हा मुलूख. अशा गांवीं हवेचा मळ म्हटला कीं कारखान्याची चिमणी डोळ्यांपुढें आणणें हें शहरी माणसाचें अज्ञान होय. याच तालुक्यांत रांजणगांवची औद्योगिक वसाहत आहे, अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) रस्त्यावर मालमोटारींची रीघ आहे, हें खरेंच. पण खेड्यांतील मुलीचा धुराशीं पहिला परिचय चुलीपाशीं होतो. लांकूड, गोवऱ्या, तुराट्या आणि उसाचें पाचट. आई भाकरी थापते, मुलगी फुंकणीनें जाळ करते, धाकटें मूल मांडीवर असतें. १९८० नंतरच्या दशकांत कर्क स्मिथ या शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर यंत्रें लावून धूर मोजला, तेव्हां कोठल्याही महानगरास लाजविणारे आंकडे निघाले. २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें लाखों घरांत गॅसची शेगडी आणली. परंतु टाकी महाग पडते तेव्हां शेगडी फडताळांत जाते आणि चूल पेटते. गॅसवर चहा, चुलीवर भाकरी, ही वांटणी अनेक घरांत स्थिर झाली आहे.

या धुरांत अडीच मायक्रोमीटरहून लहान कण असतात. डोक्याच्या केंसाची जाडी त्यांच्या पंचवीस-तीस पट असते. ते फुप्फुसाच्या तळाशीं जातात आणि त्यांवर चिकटून आलेलीं, अर्धवट जळण्यांतून उत्पन्न झालेलीं रसायनें रक्तांत उतरतात. यांपैकीं कांहीं रसायनें शरीरांतील स्त्रीस्रावांच्या कामांत ढवळाढवळ करतात, असें प्रयोगशाळेंत आढळलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरविली. भारतानें २००९ मध्यें ठरविलेली मर्यादा ४० आहे. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत पांच हजारांहून अधिक मुलींची माहिती तपासली गेली, आणि गर्भांत व बालपणीं अशा कणांशीं अधिक संपर्क आलेल्या मुलींना ऋतु किंचित् लवकर आल्याचें दिसलें. कोरियांतूनही तसाच निष्कर्ष आला. हाँगकाँगच्या अभ्यासांत मात्र कल उलट दिशेचा निघाला. तेव्हां संशय वाजवी आहे. पुरावा मात्र अजून पंचासमोर मांडण्याइतका पक्का नाहीं.

आणि एक घटना तर या संशयालाच कोड्यांत टाकणारी आहे. २०२० च्या टाळेबंदींत रस्ते ओस पडले, गिरण्या-कारखाने थांबले, आकाश निवळलें. बाहेरची हवा कित्येक वर्षांत नव्हती इतकी स्वच्छ झाली. याच काळांत अकालीं वयांत येणाऱ्या मुलींची संख्या रुग्णालयांत वाढली! फ्लॉरेन्सच्या डॉक्टरांनीं हें प्रथम नोंदलें. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयाशीं संबंधित संशोधकांनाही असें प्रमाण साडेतीन पटींहून अधिक वाढल्याचें आढळलें. घरांत कोंडलेलें मूल, बंद झालेला खेळ, वाढलेलें वजन, बिघडलेली झोंप, घरांतली धास्ती, आणि चोवीस तास आईच्या नजरेसमोर असल्यामुळें लवकर लक्षांत आलेले बदल, अशीं अनेक कारणें सुचविण्यांत आलीं. बाहेरची हवा हें त्यांत बसत नाहीं. कांहीं जाणते म्हणतील कीं, घरांतली हवा बसूं शकेल. तोही विचार टाकण्यासारखा नाहीं.

वैद्यकाच्या व्याख्येप्रमाणें मुलीच्या बाबतींत आठ वर्षांच्या आंत व मुलाच्या बाबतींत नऊ वर्षांच्या आंत यौवनाच्या खुणा दिसल्या तर त्यास अकाल म्हणतात. अशा मुलीची उंची प्रथम भराभर वाढते व मग हाडांचीं टोकें लवकर सांधल्यामुळें अकालींच थांबते. वर्गांत सर्वांत उंच असलेली मुलगी पुढें सर्वांत ठेंगणी राहते. मुलांमध्यें हा विकार विरळा. पण झाला तर मेंदूंतील गांठीसारखें कारण असण्याचा संभव अधिक, म्हणून त्याची उपेक्षा करूं नये. डाव्या मनगटाचें क्ष-किरण चित्र घेऊन हाडांचें वय पाहतात, रक्तांतील स्राव मोजतात, आणि जरूर तर महिन्यानें किंवा तीन महिन्यांनीं टोंचणी देऊन मेंदूचा तो ठेका कांहीं वर्षें थांबवून ठेवितात. उपाय चांगला आहे. मात्र कवठे येमाईहून त्यासाठीं पुण्यास यावें लागतें, मजुरी बुडते, आणि मुलीला काय झालें हें शेजारीं सांगतां येत नाहीं. मखरांत बसवून गांवभर जाहीर करणारा समाज आतां तीच गोष्ट लपविण्यासाठीं धडपडतो. दोन्ही वेळां मुलीला विचारलें जात नाहीं, एवढें मात्र सारखेंच राहिलें आहे.

भारतीय मुलींचें ऋतुप्राप्तीचें सरासरी वय २००५ च्या सुमाराच्या देशव्यापी पाहणींत पावणेचौदा वर्षांच्या जवळपास होतें आणि दर दशकास तें महिनाभरानें खालीं येत होतें. शहरांतील सुखवस्तु घरांत तें साडेबाराच्या आसपास आहे. उतार आहे, पण तो हळूहळू आहे. सातव्या वर्षीं वयांत येणारी मुलगी ही या सरासरीहून अगदीं निराळी गोष्ट आहे, आणि वर्तमानपत्रांतून या दोन गोष्टींची नेहमीं सरमिसळ होते. "हल्लीं मुली लवकर मोठ्या होतात" हें वाक्य दिवाणखान्यांत सहज बोललें जातें. तेंच वाक्य उसाच्या फडांत कोपीपाशीं बोललें जातें तेव्हां त्याचा अर्थ "आतां हिचें उरकून टाकूं" असा होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २१.९ जणींचें लग्न अठरा वर्षांच्या आंत झालेलें होतें.

वढू बुद्रुक हें शिरूर तालुक्यांतीलच गांव. तेथील के. ई. एम. रुग्णालयाच्या केंद्रानें २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील बावीस गांवांत घरोघर जन्म, मृत्यु, लग्न व स्थलांतर यांची नोंद चालविली आहे. ठराविक काळानें माणूस दारांत येतो, वही किंवा यंत्र उघडतो आणि घरांत कोण वाढलें, कोण गेलें, कोणाचें लग्न झालें हें विचारतो. माँतेस्क्यूनें हें केलें नव्हतें. रॉबर्टननें मँचेस्टरच्या स्त्रियांपुरतें केलें. १८९१ मध्यें पुण्याच्या दोन्ही पक्षांना अशी एक वही मिळाली असती, तर बाराच्या आंत ऋतु प्राप्त होणाऱ्या मुली किती, हें सभा न उधळतां मोजतां आलें असतें.